कृपया कौतुक करू नये

आमच्या उम्म शीह गावात कोणी कशाचं कौतुक करत नाही. मूल जन्मलं की शेजारणी पाळण्यात डोकावतात, "अगं बाई, काय हे माकड!" म्हणतात, आणि बाळंतिणीचा जीव भांड्यात पडतो. एका शेजारणीने एकोणीसशे ब्याऐंशी साली एका बाळाला "गोड आहे हो" म्हटलं होतं. तिच्याकडे अजून कोणी मीठ मागायला जात नाही. कौतुक केलं की दृष्ट लागते, आणि दृष्ट लागली की वस्तू जाते. चांगलं म्हणायची फारच वेळ आली, तर आधी "माशाल्ला" म्हणून त्यावर झाकण घालायचं आणि मगच बोलायचं.

माझं नाव नौफल, पण गाव मला लहानपणापासून शेणकिडा म्हणतं. त्यावरून मी दिसायला बरा असणार असा माझा अंदाज आहे. थेट कोणी सांगितलेलं नाही.

गावात पाहण्यासारखी एकच गोष्ट होती. टेकडीवरचं जुनं धान्याचं कोठार. दगड-मातीच्या कमानदार कोठ्या एकीवर एक, चार मजले, एकूण बारा. चढायला भिंतीतून बाहेर आलेले दगड. बारावी कोठी सगळ्यात वर, आणि तिचा अर्धा भाग भिंतीच्या बाहेर, हवेत. खाली खांब नाही, तुळई नाही. तीनशे वर्षं ती तशीच लटकलेली. का पडत नाही, याबद्दल गावाचं मत ठाम होतं. तिला आजवर कोणी चांगलं म्हटलेलं नाही, म्हणून. तिचं नावच 'खायबा'. म्हणजे कुरूप.

तिथून वीस किलोमीटरवर एका गावात परदेशी सिनेमावाले प्लास्टरचे घुमट उभारून, शूटिंग करून, ते तसेच टाकून गेले. तिथे रोज चार बस येतात. लोक प्लास्टरला हात लावून फोटो काढतात. आमच्या खऱ्या दगडांकडे वर्षाला दोन-तीन जण येत, आणि तेही घुमटांचा रस्ता विचारायला.

मी इतिहासाचा पदवीधर. आमच्याकडे 'पदवीधर बेकार' ही एक मान्य जमात आहे. कॅफेत बसायची आमची ठरलेली जागा असते, आणि एकाच कॉफीवर चार तास काढायची अंगभूत कला. पाच वर्षं मी त्या जमातीची सेवा केली. मग राजधानीतल्या माझ्या मेहुण्याला, रऊफला, दया आली. त्याचं टायरचं दुकान आहे. एक सप्टेंबरपासून मी तिथे पंक्चर काढायची, असं त्याने आणि आईने फोनवर ठरवलं. त्याने निळा डगला पाठवलासुद्धा, खिशावर माझं नाव भरतकाम करून. 'नौफेल' असं. एक अक्षर चुकलेलं होतं. म्हटलं, एवढ्यावरून जाणं रद्द होत नाही.

मला जायचं नव्हतं. हे मी कोणाला बोललो नाही, कारण आपलं गाव आवडतं असं म्हणणं हेही कौतुकच. पण मी लहानपणापासून त्या लटकत्या कोठीखाली बसून अभ्यास केला होता, आणि जगात टायरखाली बसायला मला कुठेच आवडलं नसतं.

अशात जुलैमध्ये जिल्ह्याच्या पर्यटन कचेरीने योजना काढली. 'अपरिचित स्थळं'. यादीत आलेल्या प्रत्येक स्थळाला तपकिरी पाटी, दुरुस्त रस्ता आणि एक पगारी, ओळखपत्रधारी वाटाड्या. वाटाड्या स्थानिक हवा, पदवीधर हवा, शक्यतो इतिहासाचा. उम्म शीहमध्ये अशी एकच व्यक्ती होती आणि ती कॅफेत बसलेली होती.

अर्जात अट होती की स्थळ अपरिचित असल्याचा पुरावा जोडावा. गावचा ओमदा, म्हणजे सरकारने नेमलेला मुखिया, सी मुन्सिफ, याने त्यासाठी तीन दिवस डोकं खाजवलं.

"अरे, जे कोणाला माहीत नाही, ते माहीत नाही असं सांगणारा माणूस कुठून आणू?"

"घुमटांच्या गावातून आणा," मी म्हटलं.

तिथल्या तिकीटवाल्याने शिक्क्यानिशी लिहून दिलं: 'उम्म शीह हे नाव मी प्रथमच ऐकत आहे.' त्याची बायको आमच्याच गावची आहे. पण कागद पक्का झाला.

अर्ज छाननीत टिकला आणि वीस ऑगस्टला निरीक्षक येणार असं पत्र आलं. मी सगळ्या गावाला मशिदीमागच्या ओट्यावर जमवलं.

"हात जोडतो," मी म्हणालो. "एक दिवस. फक्त एक दिवस आपल्या वस्तूला नावं ठेवू नका. चांगलं म्हणू नका, ठीक आहे. गप्प बसा. त्या बाईंना बघू द्या आणि जाऊ द्या."

"इन्शाल्ला," सगळे एका सुरात म्हणाले. म्हणजे 'देवाची इच्छा असेल तर', आणि आमच्याकडे याचा अर्थ 'बहुधा नाही' हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून माझी झोप उडाली.

उरलेले तीन दिवस मी खायबाची साफसफाई केली. दोर बांधून वर चढलो, आणि तिच्या बुडाशी तीनशे वर्षांची कबुतरांची घाण, गांधीलमाश्यांची मातीची घरं आणि वाळलेला चिखल यांचा जो एक जाड, दगडासारखा थर बसला होता, तो छिन्नीने खरवडून काढला. खाली उतरून पाहिलं. कोठी इतकी हलकी दिसत होती, जणू आत्ताच उडेल.

हे वाक्य लक्षात ठेवा.

निरीक्षक आल्या. मादाम दोर्साफ. किनाऱ्यावरच्या शहरातल्या, पांढरेशुभ्र बूट, गळ्यात हिरवा रेशमी रुमाल, हातात फळीला लावलेले कागद. आमच्या आईने, लल्ला मन्नूबियाने, त्यांच्यापुढे गरम रोटी आणि घरच्या ऑलिव्हचं तेल ठेवलं.

"बेचव आहे," आई म्हणाली. "पण खा. दुसरं काही नाही."

मादामनी एक घास घेतला आणि आईकडे पाहिलं. "बेचव?"

"तेल जुनं आहे. रोटी करपली आहे. खा, खा."

मादामनी तीन रोट्या खाल्ल्या, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं: 'स्थानिकांच्या मते खाद्यपदार्थ निकृष्ट.'

मग त्या हाज तिजानींकडे वळल्या. हाज गावात सगळ्यात मोठे. एकतीस वर्षं फ्रान्समध्ये मोटारीच्या कारखान्यात काढून परतलेले.

"हाज, या कोठाराबद्दल काय सांगाल?"

"ढिगारा आहे."

"पण इतकं जुनं..."

"म्हणून तर ढिगारा. माझ्या आजोबांनी यात जवाचं पोतं ठेवलं होतं. कुजलं."

"पर्यटकांनी हे बघायला का यावं?"

हाजनी प्रामाणिकपणे विचार केला. "रस्ता चुकले तर."

मी मध्ये पडलो. "मादाम, त्यांचं म्हणणं असं की वास्तू अत्यंत..."

"मला अरबी कळतं," मादाम म्हणाल्या.

"कळतं हो, पण आमची अरबी उलटी वाचायची असते."

"अरबी उलटीच वाचतात," त्या म्हणाल्या, आणि पुढचा रकाना भरू लागल्या. त्यात लिहिलं: 'ग्रामस्थांचा पाठिंबा: नाही.'

मला निळा डगला दिसू लागला. मी आईकडे डोळे वटारले. तिने गप्प बसायचा खरंच प्रयत्न केला. ओठ दाबले, हात पदरात घट्ट धरले, चेहरा लाल झाला. शेवटी राहवेना, तशी ती मादामच्या कानाशी गेली आणि म्हणाली, "पोरी, इथे धूळ फार आहे. बुटांचा सत्यानाश होईल. परत जा."

"यम्मा!"

"काय यम्मा? बूट बघ किती घाणेरडे आहेत बिचारीचे."

मादामनी आपल्या पांढऱ्याशुभ्र बुटांकडे पाहिलं. त्या दुखावल्या. बुटांचं इतकं कौतुक त्यांच्या आयुष्यात कोणी केलं नसेल, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

मी म्हटलं आता बोलण्यात अर्थ नाही, दाखवलेलंच बरं. कोठाराला वळसा घालून मी त्यांना मागच्या बाजूला नेलं. गाव मागोमाग. बरोबर बाराची वेळ. खायबा उन्हात लटकत होती, तिची सावली जमिनीवर एकटीच पडलेली, कोठाराला न जोडलेली, एखाद्या पतंगासारखी. खरवडल्यामुळे तिचं बूड लख्ख, मधाच्या रंगाचं.

मादाम दोर्साफ थांबल्या. हातातली फळी खाली आली. आणि त्या म्हणाल्या:

"मान्यिफीक!"

फ्रेंचमध्ये. आधी माशाल्ला नाही, नंतर माशाल्ला नाही. उघडंबोडकं. हाज तिजानींनी सवयीने भाषांतर करायला तोंड उघडलं, "म्हणजे अप्र..." आणि स्वतःच्याच तोंडावर हात मारला.

"मान्यिफीक," मादाम परत म्हणाल्या. "मान्यिफीक!"

"मासा!" आई ओरडली. "मासा, मासा, मासा!"

समुद्र आमच्यापासून शंभर किलोमीटरवर आहे. तरी दृष्टीवर उतारा म्हणून आम्ही माशाचंच नाव घेतो. मासा असो तुझ्यावर, म्हणजे तुझ्यावरचा डोळा मिटो. हाजनी दृष्ट परतवायला दोन्ही पंजे पसरून पाच-पाच बोटं मादामच्या दिशेने रोखली. ओमदाने सरकारी नोकर असल्यामुळे एकच हात आणि तोही खिशातल्या खिशात पसरला.

पण उशीर झाला होता. वरून आधी चिमूटभर माती पडली. मग एक खडा. मग जरा विचार केल्यासारखी शांतता. आणि मग खायबा, तीनशे वर्षांत पहिल्यांदाच प्रशंसा ऐकलेली बाई जशी लाजून खाली बघेल, तशी पुढे कलली आणि खाली आली.

कोणाला लागलं नाही. सगळे मागे सरकलेले होते, आणि मादामना आईने त्यांच्या हिरव्या रुमालाला धरून ओढलं होतं. धूळ बसली तेव्हा त्यांचे बूट आईने सांगितले होते तसेच झाले होते.

ओमदाने घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "बारा पाच. कोणीतरी वेळ लिहून घ्या."

"मी..." मादाम म्हणाल्या. "मी काही केलं नाही. मी फक्त म्हटलं की..."

"पुन्हा म्हणू नका!" सगळं गाव ओरडलं. अजून अकरा कोठ्या उभ्या होत्या.

"आणि मी फ्रेंचमध्ये म्हटलं!"

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. गाव विचारात पडलं. तिथेच ढिगाऱ्याभोवती बसून चर्चा सुरू झाली की दृष्टीला फ्रेंच कळतं की नाही. माझ्या शेजारच्या सालिमाचं मत पडलं की कळत नाही, नाहीतर फ्रेंचच्या मास्तरांनी शाबासकी दिलेली सगळी पोरं केव्हाच आंधळी झाली असती. ओमदाचं म्हणणं, अधिकृत भाषा अरबी आहे, तेव्हा फ्रेंचमधल्या प्रशंसेला कायद्याने आधार नाही. शेवटी सगळे हाज तिजानींकडे बघू लागले.

हाजनी काठी टेकली. "एकतीस वर्षं तिथे काढली. एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये फोरमन मला म्हणाला, तिजानी, तुझी दाढ काय मजबूत आहे. फ्रेंचमध्ये म्हणाला. संध्याकाळपर्यंत खाली."

"दाढ?"

"फोरमन. जिन्यावरून. दाढ दुसऱ्या दिवशी."

निकाल लागला. दृष्टीला फ्रेंच कळतं.

मी ढिगाऱ्याच्या दगडावर बसलो होतो. माझ्या नखांत अजून तो खरवडलेला थर होता. तीनशे वर्षं कबुतरांनी जे सिमेंट घातलं, ते मी तीन दिवसांत काढलं, असंही एक मत मांडता आलं असतं. मी ते मांडलं नाही. दृष्टीच्या खटल्यात इतिहासाच्या पदवीधराची साक्ष कोण घेतो?

आई मादामसमोर उभी राहिली. "रुमालाचा एक धागा दे."

"कशाला?"

"जाळायला. मीठ आणि धुपाबरोबर. ज्याची दृष्ट लागली, त्याच्या कपड्याचा धागा लागतो. नाहीतर उरलेल्या अकराही जातील."

"मी सरकारी निरीक्षक आहे!" मादाम म्हणाल्या. "मी असल्या गोष्टी मानत नाही."

"मानू नकोस. धागा दे."

मादामनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "रुमालाचा नको. रेशमाचा धूर वर जात नाही, आजी सांगायची. बाहीचा घ्या. सुती आहे." आणि स्वतःच धागा ओढून दिला.

धूप जळला. मादाम दगडावर माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण यादीत कसं घालू? जे स्थळ पाहायचं, तेच नाही. खाद्यपदार्थ निकृष्ट. ग्रामस्थांचा पाठिंबा नाही. तुमच्याकडे आता बाकी काय आहे?"

मी उत्तर दिलं असतं, पण माझी नजर त्यांच्या कागदावर गेली. रकाना नऊ: 'जगात अन्यत्र कुठेही न आढळणारे वैशिष्ट्य.' रिकामा होता.

"मादाम," मी म्हणालो, "जगात लटकलेल्या कोठ्या असतील. पडलेल्या तर पुष्कळच. पण प्रशंसेने पडलेली कोठी कुठे आहे? वेळेसह, साक्षीदारांसह? आणि तिच्या शेजारी अकरा कोठ्या, ज्या केवळ कोणी चांगलं म्हटलं नाही म्हणून उभ्या आहेत?"

"हे मी सरकारी कागदावर लिहू?"

"नाहीतर मग रकाना दहा भरावा लागेल."

रकाना दहा होता: 'स्थळाला हानी पोचली असल्यास कारण व जबाबदार व्यक्तीचे नाव.'

मादामनी रकाना दहा पुन्हा एकदा वाचला. मग रकाना नऊ भरला. खाली सही करताना शब्द होता 'प्रत्यक्षदर्शी'. तिथे त्यांचं पेन जरा अडखळलं. मी म्हटलं, "दर्शनानेच तर पडली." त्या हसल्या नाहीत. पण सही केली.

एकोणतीस ऑगस्टला पत्र आलं. आम्ही यादीत होतो.

आता गावाच्या तोंडाशी तपकिरी पाटी आहे, अरबी, फ्रेंच आणि इंग्रजीत: 'कृपया कौतुक करू नये.' पहिल्याच महिन्यात दोन बस आल्या. घुमटांवरून वळून. माझ्या गळ्यात ओळखपत्र आहे, आणि माझं काम आहे लोकांना कोठार दाखवणं आणि त्यांची तोंडं सांभाळणं. फ्रेंच पाहुणे सोपे जातात, त्यांना मुळातच काही आवडत नाही. इटलीचे लोक जड जातात, ते तोंड बंद ठेवतात आणि हातांनी कौतुक करतात. हातांची दृष्ट लागते का, यावर ओट्यावर चर्चा चालू आहे. हाजना इटलीचा अनुभव नाही.

इंटरनेटवर सगळ्यांना एकच तारा द्यायला सांगतो. सरासरी एक पूर्णांक एक आहे, आणि गाव निर्धास्त आहे. एकदा बेल्जियमच्या एका शिक्षकाने न सांगता पाच तारे दिले. त्याच दुपारी सातव्या कोठीची पायरी निखळली. ओमदाने स्वतः त्याला पत्र लिहिलं. तो चारवर आला. मग तीनवर. आईने बाटलीभर तेल पाठवलं, तेव्हा दोनवर आला, आणि खाली लिहिलं, 'तेल बेचव.' आईने ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.

रऊफचा फोन अजून येतो.

"काय मग, सासूबाई, नोकरी कशी चाललीये त्याची?"

"कसली नोकरी?" आई म्हणते. "उन्हात भटकतो दिवसभर. दगड दाखवतो लोकांना. शेणकिडाच तो. तू त्याची जागा ठेव."

निळा डगला तिने दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवलाय, आल्यागेल्याला दिसेल असा. कोणी विचारलं की सांगते, उद्याच जाणार आहे तो. गेलं वर्षभर मी उद्याच जाणार आहे. टायरचं दुकान पाठीशी असल्याशिवाय माझी नोकरी टिकायची नाही, अशी तिची खात्री आहे.

कामावर निघालो त्या पहिल्या दिवशीचं मात्र सांगायचं राहिलं. नवा शर्ट, नवी टोपी, गळ्यात ओळखपत्र, त्यावर माझं नाव, एकही अक्षर न चुकता. आई दारात उभी होती. तिने मला वरून खाली पाहिलं, मग खालून वर. ओळखपत्र हातात घेतलं. तिला वाचता येत नाही, पण ती ते बराच वेळ वाचत राहिली. तिचे ओठ हलू लागले. मी घाबरलो. मला कळलं काय येतंय ते. अशाच नजरेने मादाम दोर्साफ बघत होत्या, बाराच्या उन्हात, फळी खाली करून.

मी मनातल्या मनात म्हटलं, मासा, मासा, मासा.

आईने तोंड फिरवलं. पदराने काहीतरी पुसलं, माझ्या टोपीवरचं की आपल्या डोळ्यातलं, ते मी बघितलं नाही.

"खायब," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "नुसता खायब दिसतोस. जा, उशीर होतोय."

कोठी पडल्यापासून ते नाव मोकळंच होतं. खाली खांब नाही, तुळई नाही, तरी त्या एका शब्दावर ती तीनशे वर्षं टिकली. मला तर निवृत्तीपर्यंतच टिकायचं आहे.